डॉकवर्करच्या पायाशी : अ‍ॅमस्टरडॅममधला फेब्रुवारी

२३ फेब्रुवारी : नोर्डरमार्क्ट

ट्युलिप पाहायचे असतील तर एप्रिलमध्ये ये, असे ताईने फोनवर बजावले होते. मी मात्र फेब्रुवारीच निवडला, कारण मला २५ फेब्रुवारीच्या संध्याकाळी अ‍ॅमस्टरडॅममध्ये हजर राहायचे होते. १९४१ साली याच तारखेला या शहरातल्या कामगारांनी आपल्या ज्यू शेजाऱ्यांच्या धरपकडीविरुद्ध संप पुकारला. नाझींनी व्यापलेल्या युरोपात ज्यूंच्या छळाविरुद्ध लोकांनी उघडपणे केलेला तो पहिला मोठा विरोध मानला जातो, आणि त्याचे स्मरण आजही दरवर्षी भर चौकात होते.

ताई आणि भावोजी अ‍ॅम्स्टलव्हेनला राहतात. अ‍ॅमस्टरडॅमला लागून असलेल्या या गावात आता इतकी मराठी कुटुंबे आहेत की वाणसामानाच्या दुकानात भाकरीच्या पिठावरून चाललेली चर्चा सहज कानावर पडते. ताईकडे गरम वरण-भात जेवून दुपारी मी एकटीच नोर्डरमार्क्टच्या चौकात गेले. बारीक पाऊस, अंगात शिरणारा वारा आणि थर्मामीटरवर चार अंश अशी हवा होती. चौकाच्या मध्ये सतराव्या शतकातले चर्च आहे आणि भोवती अरुंद, उंच घरे आहेत. संपाची सुरुवात इथे झाली.

२२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ या दोन दिवसांत जर्मन पोलिसांनी ज्यू वस्तीला वेढा घालून चारशेहून अधिक तरुणांना उचलले, योनास डॅनिएल मेयर चौकात उकिडवे बसवले, मारहाण केली आणि ट्रकमध्ये घालून नेले. बघणाऱ्यांत बिगर-ज्यू माणसे पुष्कळ होती, कारण रविवारचा बाजार भरलेला होता. दुसऱ्या दिवशी, २४ तारखेच्या संध्याकाळी, नोर्डरमार्क्टच्या चौकात महापालिकेचे काही शे कामगार उघड्यावर जमले. विलेम क्रान हा रस्तेबांधणीचा कामगार आणि पीट नाक हा सफाई कामगार यांनी ही सभा घडवून आणली. दोघेही बंदी घातलेल्या कम्युनिस्ट पक्षाचे होते. रात्रीतून सायक्लोस्टाइल केलेली पत्रके पहाटे कारखान्यांच्या दारांशी वाटली गेली आणि त्यांवरची हाक साधी होती : ‘संप करा! संप करा! संप करा!’

सकाळी ट्राम डेपोतून बाहेर पडल्या नाहीत, आणि शहराला संपाची बातमी कळली ती मुख्यतः यामुळेच. मग गोदी, कारखाने, कचेऱ्या, दुकाने एकेक करून बंद होत गेली. संप झान नदीकाठच्या पट्ट्यात, हार्लेम, हिल्व्हर्सम आणि उट्रेख्टपर्यंत पोहोचला. दुसऱ्या दिवशी जर्मनांनी गोळीबार करून तो मोडला. नऊ माणसे मेली, अनेकांना अटक झाली, शहराला दीड कोटी गिल्डरचा दंड बसला. तीन संपकऱ्यांना १३ मार्चला गोळ्या घातल्या गेल्या आणि क्रानला पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये. उचलून नेलेल्या त्या चारशेहून अधिक तरुणांपैकी दोघेच जिवंत राहिले.

चौकातल्या एका कॅफेत मी शेकत बसले. इथे हिवाळ्यात वाटाण्याचे दाट सूप सगळीकडे मिळते आणि फलकावर फक्त ‘वाटाणा’ असे वाचून शाकाहारी माणूस ते निश्चिंतपणे मागवतो. त्यात हमखास डुकराचे मांस असते, तेव्हा आधी विचारून घ्यावे. मी सफरचंदाचा केक घेतला आणि तो उत्तम होता.

२४ फेब्रुवारी : प्लांटाख

प्लांटाख या भागात चालताना माणसाला एकाच रस्त्याच्या दोन बाजू पाहाव्या लागतात. एका बाजूला हॉलंड्शे स्खौबुर्ख हे जुने नाट्यगृह आहे. १९४२ च्या उन्हाळ्यापासून जर्मनांनी तिथे ज्यूंना छावण्यांत पाठवण्यापूर्वी कोंडून ठेवायला सुरुवात केली, आणि सुमारे ४६ हजार माणसे तिथून गेली. मुलांचा गोंगाट नको म्हणून लहान मुलांना समोरच्या पाळणाघरात ठेवले जाई. पाळणाघराला लागून प्रॉटेस्टंट शिक्षकांचे अध्यापक विद्यालय होते. त्याच इमारतीत मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय होलोकॉस्ट संग्रहालय उघडले.

या संग्रहालयाला निदान तीन तास द्यावेत आणि तिकीट घरूनच ऑनलाइन काढावे. मी सर्वाधिक वेळ घालवला तो मागच्या अंगणाजवळ. पाळणाघर आणि विद्यालय यांच्यामध्ये एक कुंपण होते आणि या कुंपणावरून मुले पलीकडे दिली जात. पाळणाघराच्या प्रमुख हेन्रिएट पिमेंटेल आणि नाट्यगृहाची व्यवस्था पाहणारे वाल्टर झ्युस्किंड हे दोघे स्वतः ज्यू होते. मुलांची नावे यादीतून गायब करण्याची जोखीम त्यांनी घेतली, पुढे त्या दोघांनाही छावण्यांत पाठवले गेले आणि दोघेही जिवंत परतले नाहीत. इतरांच्या मदतीची गोष्ट सांगताना हे आधी सांगायला हवे, असे मला वाटते. पलीकडच्या बाजूला विद्यालयाचे प्रमुख योहान फान हुल्स्ट होते, आणि त्यांच्याही पलीकडे विद्यार्थ्यांचे गट होते. हे विद्यार्थी मुलांना पिशवीत, पाठपिशवीत, कपड्यांच्या टोपलीत घालून बाहेर काढत आणि आगगाडीने लिम्बर्ग किंवा फ्रीसलंड प्रांतातल्या घरांपर्यंत पोहोचवत. नाट्यगृहाच्या दारातल्या पहारेकऱ्याला पाळणाघराचे दार दिसे. म्हणून ते ट्राम येण्याची वाट पाहत, ती थांब्यावर आली की तिच्या आडोशाने मुलाला उचलून चालू लागत. अशी सुमारे सहाशे मुले वाचली.

त्या रस्त्याने १४ क्रमांकाची ट्राम आजही जाते. मी थांब्यावर उभी राहून एक ट्राम येऊन जाईपर्यंतचा वेळ मोजला. डबे पूर्ण पुढे सरकून समोरचे दार पुन्हा दिसू लागेपर्यंत अर्ध्या मिनिटाहून थोडा जास्त वेळ गेला. एवढ्यात एका पंचविशीच्या मुलीला कडेवर दुसऱ्याचे मूल घेऊन, न धावता, कोपऱ्यापर्यंत पोहोचायचे असे.

फान हुल्स्ट २०१८ मध्ये, १०७ वर्षांचे होऊन वारले. वाचवलेल्या मुलांबद्दल त्यांचा गौरव झाला, याद वाशेम या इस्रायलमधल्या होलोकॉस्ट स्मारक संस्थेने त्यांना मानचिन्ह दिले, पण सप्टेंबर १९४३ मध्ये पाळणाघर रिकामे केले त्या दिवशी शंभरेक मुलांमधून आपण जी मोजकी उचलली आणि जी मागे ठेवली त्यांबद्दलच ते अखेरपर्यंत बोलत राहिले. या शहराच्या स्मरणाची रीतही मला तशीच वाटली, म्हणजे केलेल्याच्या शेजारी न केलेलेही मांडून ठेवण्याची. याच ट्रामने १९४१ च्या फेब्रुवारीत शहर थांबवले होते, आणि १९४२ पासून त्याच ट्राम रात्री ज्यू कुटुंबांना स्टेशनवर पोहोचवू लागल्या. भाड्याची बिले जर्मनांना रीतसर पाठवली गेली. नेदरलँड्समधल्या सुमारे एक लाख चाळीस हजार ज्यूंपैकी एक लाखाहून अधिक मारले गेले. पश्चिम युरोपातल्या व्यापलेल्या देशांत हे प्रमाण सर्वांत मोठे आहे. यात प्रशासनाचा, पोलिसांचा आणि रेल्वेचा वाटा होता. तेव्हाचे पंतप्रधान रुटे यांनी सरकारच्या वतीने माफी मागायला २०२० साल उजाडले, आणि शहराच्या वतीने महापौर फेम्के हाल्सेमा यांनी ती मागितली एप्रिल २०२५ मध्ये, याच नाट्यगृहात.

संध्याकाळी ताईसाठी एका बेकरीतून आल्याच्या पाकात मुरलेली गोड बोलूस घेतली. पोर्तुगालमधून आलेल्या ज्यूंनी अ‍ॅमस्टरडॅमला दिलेला हा पदार्थ आहे. आल्याचा झणका घशापर्यंत जातो, आणि थंडीत तो हवासा वाटतो.

२५ फेब्रुवारी : नावे आणि चौक

सकाळी वेस्परस्ट्राटवरच्या नावांच्या स्मारकाला गेले. डॅनिएल लिबेस्किंड यांच्या आराखड्यानुसार बांधलेले हे स्मारक २०२१ मध्ये उघडले. उंच विटांच्या भिंतींची अरुंद गल्ली आहे आणि प्रत्येक विटेवर एक नाव, जन्मतारीख आणि मृत्यूच्या वेळचे वय कोरलेले आहे. अशा एक लाख दोन हजारांहून अधिक विटा आहेत. ज्यूंसोबत सिंती आणि रोमा या भटक्या समाजांतल्या लोकांचीही नावे आहेत, आणि ज्यांचे नाव कुठेच उरले नाही त्यांच्यासाठी एक हजार कोऱ्या विटा ठेवल्या आहेत. तिकीट नाही. आडनावांच्या अक्षरक्रमाने चालत गेल्यास एकेका घरातली सगळी माणसे सलग सापडतात. आजोबा बहात्तर, आई चौतीस, मुले नऊ, सहा आणि दोन. मी पुढे फक्त वये वाचत गेले.

कोणालाही पन्नास युरो देऊन एक नाव दत्तक घेता येत असे, आणि या पैशातून स्मारकाला मोठा हातभार लागला. ज्यांचा त्या कुटुंबाशी काही संबंध नाही अशा हजारो लोकांनी नावे घेतली. शेजारच्या रहिवाशांनी जागेवरून आणि झाडांवरून कोर्टकज्जेही केले. हेही सांगायला हवे, कारण इथली एकजूट वादावादी करत पुढे आली आहे.

स्मरणाचा कार्यक्रम संध्याकाळी पाचला योनास डॅनिएल मेयर चौकात होतो, पोर्तुगीज सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यू प्रार्थनागृहाच्या, अगदी बाजूला. प्रवेशासाठी काही लागत नाही, पण बसायची सोय नसते म्हणून जाड मोजे, टोपी आणि मफलर घेऊन जावे. फुले आधीच घेऊन ठेवावीत. आम्ही साडेचारला पोहोचलो तेव्हा अर्धा चौक भरलेला होता.

चौकाच्या मध्ये डॉकवर्करचा पुतळा आहे. शिल्पकार मारी आंद्रीसन यांनी तो घडवला आणि १९५२ मध्ये राणी युलियाना यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. बाह्या दुमडलेला, धिप्पाड, मान ताठ, हात अंगापासून थोडे दूर आणि मुठी वळायच्या बेतात, असा हा गोदी कामगार आहे. नमुन्यासाठी आंद्रीसन यांनी हार्लेमच्या एका सुताराला उभे केले होते. जिथे तरुणांना उकिडवे बसवले होते त्या चौकातच हा माणूस उभा आहे.

स्मरणालाही आपला इतिहास आहे. शीतयुद्धाच्या काळात कम्युनिस्टांनी संप घडवला हे मान्य करणे अनेकांना जड जात होते आणि काही वर्षे स्मरणाचे कार्यक्रमही वेगवेगळे होत. आता सगळे एकत्र येतात : कामगार संघटना, ज्यू संघटना, महापालिका, शाळा. भाषणे थोडी आणि आटोपशीर होती. शाळकरी मुलांनी कविता वाचल्या. त्यांच्या चेहऱ्यांत सुरिनाम, मोरोक्को, तुर्कस्तान, हॉलंड सगळेच होते, आणि त्यांचे उच्चार ऐकताना भावोजी हळूच म्हणाले, “आपल्या धाकट्याच्या वर्गातही एक स्मारक आहे गं, वर्गाने दत्तक घेतलेले.” मग रांग सुरू झाली. हजारो माणसे एकेक करून पुतळ्यापुढून जात होती आणि पायाशी फुले ठेवत होती. घोषणा नव्हत्या, घाई नव्हती.

रांगेत माझ्यापुढे सत्तरीच्या एक आजी होत्या. त्यांच्या हातात फुलांचे दोन गुच्छ होते, एक मोठा आणि एक अगदी लहान, पांढऱ्या फुलांचा. मी भारतातून आले आहे असे कळल्यावर त्यांनी विचारले, “इतक्या लांबून? तुमचा यात काय संबंध?” मी त्यांना अलिबागच्या इस्रायल आळीबद्दल सांगितले : माझ्या आईच्या वर्गात बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजाच्या, मुली होत्या, त्या मराठीच बोलत, आणि साठच्या दशकात एकेक कुटुंब इस्रायलला गेले तेव्हा गल्लीतली माणसे त्यांना निरोप द्यायला जमली. त्यांनी मन लावून ऐकले. मग स्वतःचे सांगू लागल्या.

त्यांचे आजोबा लोखंडकामाच्या कारखान्यात होते आणि संपाच्या दोन्ही दिवशी कामावर गेले नाहीत. घरात ही गोष्ट अभिमानाने सांगितली जाई. खूप उशिरा, त्यांची आजी गेल्यानंतर कपाट रिकामे करताना निळ्या किनारीच्या ताटल्यांचा संच सापडला आणि आईने सांगितले की त्या ताटल्या वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाच्या होत्या. १९४३ मध्ये त्या कुटुंबाला नेण्याच्या थोडे आधी तिथल्या बाईंनी त्या ‘परत येईपर्यंत ठेवा’ म्हणून खाली दिल्या होत्या. ज्याने संप केला त्याच माणसाने, त्या कुटुंबाला नेले त्या रात्री, दार उघडले नाही. “दोन्ही खरे आहे,” आजी म्हणाल्या, “म्हणून मी दोन गुच्छ आणते. मोठा इथे. लहान तिकडे, भिंतीपाशी. त्या बाईंचे नाव मी घेतले आहे.” आमची पाळी आली तेव्हा त्यांनी मोठा गुच्छ ठेवला, पुतळ्याकडे वर पाहिले आणि लहान गुच्छ कोटाच्या आत धरून वेस्परस्ट्राटच्या दिशेने निघाल्या. मी त्यांच्याबरोबर गेले. अंधार पडला होता. विटेवरचे नाव शोधायला त्यांना जराही वेळ लागला नाही.

२६ फेब्रुवारी : दिवसभर पाऊस

दिवसभर पावसाने झोडपले आणि आम्ही घरीच राहिलो. ताईने थालीपिठे लावली. रात्री भावोजींनी उद्याचा रस्ता पाहून ठेवला.

२७ फेब्रुवारी : वेस्टरबोर्क आणि नीउलांड

उत्तरेकडच्या ड्रेन्थ प्रांतात आम्ही गाडीने गेलो. दोन तास लागले. गाडी नसेल तर आगगाडीने आसेन किंवा बायलेनला उतरून बसने हूखालेन गाठावे लागते. एक लक्षात ठेवावे की संग्रहालय आणि प्रत्यक्ष छावणीची जागा यांत तीनेक किलोमीटरचे अंतर आहे. संग्रहालयाकडून बस असते, पण हवा बरी असेल तर जंगलातून चालत जावे.

वेस्टरबोर्कची छावणी जर्मनांनी बांधलेली नाही. जर्मनीतून पळून आलेल्या ज्यू निर्वासितांसाठी ती १९३९ मध्ये डच सरकारने उभारली आणि तिचा खर्च ज्यू समाजावरच टाकला. आधी दुसरी जागा ठरली होती, पण ती राजवाड्यापासून फार जवळ असल्याने नको, असे राणी विल्हेल्मिना यांच्याकडून कळवले गेले आणि छावणी या ओसाड माळावर आली. जुलै १९४२ पासून इथून गाड्या सुटू लागल्या, बहुतेक मंगळवारी, ऑश्विट्झ आणि सोबिबोर या मृत्युछावण्यांकडे. एक लाख सात हजार माणसे पाठवली गेली, त्यांतली सुमारे पाच हजार परतली. गाड्या डच रेल्वे चालवत होती. रेल्वेने संप केला तो सप्टेंबर १९४४ मध्ये, लंडनला आश्रय घेतलेल्या डच सरकारच्या सांगण्यावरून.

आज तिथे बराकी जवळजवळ नाहीत. वर आकाशाकडे वळलेले टोक असलेले तुटके रूळ आहेत, कमांडंटचे लाकडी घर काचेच्या आवरणात जपून ठेवलेले आहे, आणि लगतच रेडिओ दुर्बिणींच्या मोठ्या तबकड्यांची रांग आहे. हजेरीच्या मैदानावर एक लाख दोन हजार छोटे दगड नेदरलँड्सच्या नकाशाच्या आकारात मांडले आहेत. दगडांची उंची सारखी नाही, बहुतेकांवर ज्यूंचा तारा आहे आणि सिंती-रोमांच्या दगडांवर ज्योत.

मार्गदर्शक बाईंनी सांगितले की २००५ पासून दर पाच वर्षांनी इथे सगळी नावे मोठ्याने वाचली जातात, जानेवारीत, रात्रंदिवस, सलग शंभराहून अधिक तास. वाचणाऱ्यांत वाचलेल्यांची मुले-नातवंडे असतात तसे आसपासच्या खेड्यांतले शेतकरी, शिक्षक, विद्यार्थीही असतात. पहाटे तीनच्या पाळीलाही कोणीतरी थंडीतून गाडी चालवत येतेच. कारण नाव वाचणारा नसेल तर यादी पुढे सरकत नाही.

परतताना होखेव्हेनजवळच्या नीउलांड या खेड्यात थांबलो. कालव्याच्या काठाने घरांची एक ओळ, मागे सपाट शेते. शेतकरी योहानेस पोस्ट आणि पाद्र्याचा मुलगा आर्नोल्ट डाउव्हेस यांनी, माक्स लेओन्स या ज्यू तरुणासोबत, इथल्या घरोघरी लपण्याच्या जागा मिळवल्या. प्रत्येक घरात निदान एक माणूस लपवायचा असे ठरले, म्हणजे कोणी कोणाची चुगली करणार नाही. पोस्टना जुलै १९४४ मध्ये गोळ्या घातल्या गेल्या. याद वाशेमने पुढे या गावातल्या ११७ जणांचा सन्मान केला. फ्रान्समधल्या ल शाँबों या खेड्याखेरीज असा सन्मान झालेले दुसरे गाव मला ठाऊक नाही. इथे एक छोटे संग्रहालयही आहे. उघडे असण्याच्या वेळा आधी पाहून घ्याव्यात. कालव्याजवळच्या दुकानात कॉफी पिताना दुकानदाराला मी विचारले की गावाला याचा अभिमान वाटत असेल. तो म्हणाला, “शेजारच्या गावांनीही केले, पण सगळ्यांनी नाही. म्हणून शाळेतली पोरे दरवर्षी दोन्ही शिकतात.”

ज्यांना फेब्रुवारी जमणार नाही त्यांनी ४ मे गाठावा. रात्री आठला सारा देश दोन मिनिटे थांबतो, आणि त्याच सुमारास अनेक गावांत जुन्या ज्यू घरांचे आजचे रहिवासी आपले दार उघडून तिथे कोण राहत होते ते अनोळखी लोकांना सांगतात. फक्त त्या आठवड्यात हॉटेले महाग असतात, तेव्हा जागा जानेवारीतच ठरवावी.

गाडीत भावोजींनी ताईला विचारले, “पुढचे वाचन २०३० ला आहे. आपल्याला चालेल का नाव नोंदवायला?” ताई म्हणाली की उच्चार नीट यायला हवेत, आणि तिने मोबाइलवर वेस्टरबोर्कचा पत्ता शोधायला घेतला.